नऊ मार्ग आणि एक शिवलेली फाइल

धाकट्याला मानव विकास या विषयातली पदवी पहिल्या वर्गात मिळाली, त्या संध्याकाळी ताईने एक कोरा कागद घेतला आणि वर मधोमध लिहिलं, ‘आता पुढे काय’. बेत साधा होता. एक पान, त्यावर चार-पाच पर्याय, प्रत्येकापुढे अर्जाची शेवटची तारीख, आणि ते पान फ्रिजवर चिकटवून टाकायचं. अर्ध्या तासाचं काम. ताईच्या अर्ध्या तासाच्या कामाला तीन आठवडे लागतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

कागद कोरा होता तेवढाच वेळ तो तिचा राहिला. पत्रकारिता आणि ग्रंथालयशास्त्र यांच्या दोन तारखा लिहून झाल्या आणि बाबांनी चष्मा लावला. बाबांनी शहर बससेवेच्या कचेरीत तेहतीस वर्षं वेळापत्रकं आखली होती. अशा माणसासमोर तारखांचा कागद ठेवणं म्हणजे सुताराला डुगडुगत्या टेबलाशी बसवण्यासारखं आहे. तो पाहुणा म्हणून आलेला असला तरी वाकून खाली बघणारच.

“हे असं नाही करत,” बाबा म्हणाले. “निघण्याची वेळ लिहिलीस. पोचण्याची कुठाय?”

“बाबा, हे अभ्यासक्रम आहेत. बस नाहीत.”

“माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणार आहे ना? मग झालं.”

त्यांनी आतून पट्टी आणली, तीन रंगांची पेनं आणली आणि आणखी तीन कागद आणून पहिल्याला चिकटवले. धाकटा सोफ्यावर पाय वर घेऊन सफरचंद खात होता.

“मला एम.एस्सी. करायचंय,” तो म्हणाला. “ह्याच विषयात. आपल्याच विभागात.”

“हो, हो, ते आहेच,” बाबा पट्टी सरळ करत म्हणाले. “मार्ग क्रमांक तीन.”

मानव विकास म्हणजे नेमकं काय, हे ताईला तीन वर्षांत कुणाला धड सांगता आलेलं नव्हतं. माणूस जन्मतो तेव्हापासून म्हातारा होईपर्यंत कसा घडत जातो, बोलायला कधी लागतो, खोटं बोलायला कधी लागतो, विसरायला कधी लागतो, याचा तो अभ्यास. पण एवढं सांगून होईपर्यंत समोरचा माणूस “म्हणजे बालवाडी” असं म्हणून मोकळा झालेला असे. वर्गात सत्तावीस मुली आणि हा एकटा मुलगा. त्यामुळे नातेवाइकांमध्ये त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलायची पद्धत पडली होती, जशी एखाद्याला न समजणारा आजार झाल्यावर पडते.

वेळापत्रक भिंतीवर लागल्याची बातमी इमारतीत कशी पसरली ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर खाली आले, हात मागे बांधून भिंतीसमोर उभे राहिले, आणि तपासायला आलेली वही असावी तसं त्यांनी ते वाचलं.

“बी.एड. कुठाय?” त्यांनी विचारलं.

बी.एड. नव्हतं. बाबांनी लगेच हिरव्या रंगात मार्ग क्रमांक चार आखला. ताईने ऑफिसातून फोन करून चौकशी केली तेव्हा कळलं, की पदवीला जो विषय घेतला तो शाळेत शिकवला जात असेल तरच बी.एड.ला प्रवेश मिळतो. मूल कसं वाढतं हा विषय शाळेत शिकवत नाहीत. म्हणून ते शिकलेल्या माणसाला शाळेत शिकवता येत नाही. हेडमास्तरांनी हे फारच मनाला लावून घेतलं. आपण चाळीस वर्षं त्या खात्यात काढली आणि खात्याने आपल्याला न विचारता असा नियम केला, असं म्हणून त्यांनी खात्याला पत्र लिहिलं. पत्राची एक प्रत ताईला दिली, माहितीसाठी. माहितीसाठी आलेल्या कागदांचं काय करायचं असतं, हे ताईला पाणीपुरवठा कचेरीत बारा वर्षं काढूनही उमगलेलं नव्हतं.

मग समोरच्या काकू आल्या.

“अगं, माझा भाचा बघ की. मोठ्या कंपनीत आहे. माणसांचंच खातं आहे त्याचं. ह्याला तिथे चिकटवून टाकू.”

“काकू, ते लोक माणसं कामावर ठेवतात आणि काढतात,” धाकटा म्हणाला. “आम्ही त्यातलं काही करत नाही. आम्ही बघतो.”

“नुसतं?”

“आणि लिहून ठेवतो.”

“नुसतं बघायला पगार कोण देणार रे बाळा?” काकूंनी मायेने विचारलं, आणि उत्तरासाठी ताईकडे बघितलं. ताई चहा करायला आत गेली. हाच प्रश्न तिला अडीच वर्षं पडलेला होता, आणि दर वेळी ती चहाच करायला गेली होती.

मार्ग क्रमांक पाच, समुपदेशनाची पदविका. तिथे मानसशास्त्राची पदवी लागे, किंवा तुमची पदवी मानसशास्त्राच्या तोडीची आहे असा दाखला. दाखला देणारी कचेरी म्हणाली, आधी प्रवेश मिळाल्याचं पत्र आणा. पदविकेचे लोक म्हणाले, आधी दाखला आणा. दोन्ही कचेऱ्या एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर होत्या. ताई त्या जिन्यावर तीनदा वर गेली आणि तीनदा खाली आली, आणि चौथ्यांदा मधल्या पायरीवर उभी राहून तिने स्वतःला विचारलं, की दोघांना हाक मारून इथेच बोलावलं तर.

सहा, सरकारी बालविकास अधिकाऱ्याची परीक्षा, जी दोन वर्षांनी होते आणि गेल्या वर्षीच झाली होती. सात, वृद्धांच्या दिवसकेंद्रात व्यवस्थापक, वयाची अट किमान तीस. आठ आणि नऊ हे समाजकार्य आणि विशेष शिक्षण. एवढं सगळं का, असं ताईने एका रात्रीच्या जेवणात विचारलं तेव्हा बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

“प्रत्येक मार्गाला एक राखीव गाडी उभी ठेवायची असते,” ते म्हणाले. “गाडी कधी बंद पडेल सांगता येतं का?”

“पण ह्याला एकाच गाडीत बसायचंय, बाबा.”

“म्हणूनच.”

ताईने वाद घातला नाही. घातला असता, पण आईने जाण्याआधी तिला ज्या गोष्टी सांगितल्या त्यांची यादी मोठी नव्हती. दुधाचं कार्ड कपाटाच्या दारामागे आहे. वरच्या नळाचा वायसर बदलायचाय. धाकट्याचं शिक्षण मध्ये सुटू देऊ नकोस. बाबांच्या चहात साखर अर्धाच चमचा. चारही गोष्टी आईने एकाच सुरात सांगितल्या होत्या, आणि ताई एकोणीस महिने त्या एकाच सुरात पाळत आली होती. वायसर तर दोनदा बदलून झाला होता.

तीन आठवड्यांत नवापैकी सहा मार्ग आपापल्या नियमांनी बंद पडले. उरले तीन: विशेष शिक्षण, समाजकार्य आणि धाकट्याचं एम.एस्सी. तिन्हींच्या मुलाखती एकाच सोमवारी निघाल्या. ताईने कपाळाला हात लावला. बाबांचा चेहरा मात्र उजळला. निवृत्त झाल्यापासून असा सोमवार त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

“साडेदहा, पावणेएक आणि तीन,” ते म्हणाले. “मध्ये प्रत्येकी अकरा मिनिटं हातात राहतात. आरामात.”

आणि त्यांनी फाइल शिवली. खरं तर सगळी चूक इथे झाली, पण तेव्हा ती चूक वाटली नाही. बससेवेच्या कचेरीत महत्त्वाचे कागद सुटे ठेवायचे नाहीत अशी पद्धत होती. दाभणाने भोकं पाडून, तिपेडी दोऱ्याने शिवून, गाठीवर लाख लावून ते कायमचे एकत्र करायचे. बाबांनी धाकट्याची मूळ गुणपत्रकं, मूळ पदवीपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, पोहण्याच्या स्पर्धेतलं प्रमाणपत्र, घरात होते तेवढे सगळ्या प्रकारचे दाखले आणि त्याने शेवटच्या वर्षी लिहिलेला शंभर पानांचा प्रकल्प, सगळं एकत्र शिवलं. त्या प्रकल्पाशिवाय एम.एस्सी.ला विचारतच नव्हते. विषय होता, पालकाच्या निधनानंतर एका कुटुंबाचा दिनक्रम. कुठल्याशा कुटुंबाचं त्याने वर्षभर निरीक्षण केलं होतं. ताईने एकदा जेवताना चौकशीही केली होती.

“बिचारे. कसे आहेत रे ते लोक?”

“बरे आहेत,” तो म्हणाला होता. “मीठ दे.”

“उगाच त्रास देऊ नकोस त्यांना.”

“नाही देत.”

सोमवारी ताईने रजा घेतली. विशेष शिक्षणाची मुलाखत साडेदहाला होती, ती अकरा दहाला झाली, आणि झाली ती बरी झाली. बाहेर एक खिडकी होती. खिडकीच्या आत एक बाई होत्या.

“मूळ पदवीपत्र ठेवून जा,” बाई म्हणाल्या. “तपासून चारला मिळेल.”

ताई पदवीपत्र काढायला गेली. ते निघेना. बाबांनी शिवलेली वस्तू उसवत नाही. त्यांनी शिवलेल्या उशा अजून घरात आहेत आणि त्यांतला कापूस कधीच मेला आहे.

“कात्री मिळेल का?”

“आमच्याकडे शिक्का आहे, कात्री नाही. आणि कापलेला कागद आम्ही मूळ धरत नाही. सगळंच ठेवून जा.”

सगळंच ठेवून ते समाजकार्याच्या महाविद्यालयात गेले, पावणेएकच्या आधी तीन मिनिटं. समोर तिघेजण बसले होते. मधल्या गृहस्थांनी हात पुढे केला. धाकट्याने सांगितलं, की कागदपत्रं नऊ किलोमीटरवर आहेत आणि शिवलेली आहेत. गृहस्थांनी हात हळूच मागे घेतला आणि म्हणाले, समाजाचं काम करायला निघालेल्या माणसाने निदान स्वतःचे कागद बरोबर आणावेत. पुढच्या वर्षी या.

ताईने बाहेर येऊन बाबांना फोन लावला.

“प्रवासी वेळेत पोचला ना?” बाबांनी विचारलं.

“पोचला. सामान मागे राहिलं.”

“सामानाचं खातं वेगळं होतं,” बाबा म्हणाले. मग सावरून, “हे बघ, त्याला पुढे पाठव, तू मागे फिर. चौऱ्याहत्तर नंबर पकड. एक पन्नासला आहे.”

“ती आता सव्वादोनला येते, बाबा. इथे पाटीवर लिहिलंय.”

“कुणी बदललं?”

“मला काय माहीत.”

“एक पन्नास मी स्वतः लावली होती,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज असा झाला होता, की क्षणभर ताईला वाटलं, मुलाखत त्यांचीच होती आणि तेच नापास झाले.

विशेष शिक्षणाला सहा जागांसाठी दोनशे अर्ज होते. भरवशाचा असा आता एकच मार्ग उरला होता. एम.एस्सी.ची यादी पाचला लागणार होती, आणि प्रकल्प हातात नसेल तर धाकट्याचं नाव त्यात लागणार नव्हतं. नाव लागलं नाही तर वर्ष गेलं. वर्ष गेलं की काकूंचा भाचा, आणि भाच्याच्या हाताखाली एकदा चिकटलेला माणूस पुन्हा शिकायला येत नाही. आईच्या यादीतली तिसरी गोष्ट तेवढी पाळली गेली नाही, हे आईला आता कुणी जाऊन सांगणार नव्हतं, पण ताईला रोज माहीत असणार होतं.

खिडकी बंद होती. पावणेतीनला उघडली. बाई डबा खाऊन आल्या होत्या आणि त्यामुळे थोड्या प्रसन्न होत्या.

“उमेदवारालाच देतो आम्ही,” त्या म्हणाल्या.

“उमेदवार दुसऱ्या मुलाखतीला गेलाय. मी त्याची सख्खी बहीण.”

“असं सगळेच म्हणतात. पुरावा?”

ताईने स्वतःचं ओळखपत्र दाखवलं. त्यावर तिच्या नावापुढे वडिलांचं नाव होतं. धाकट्याचं ओळखपत्र फोनवर मागवलं. त्याच्या कॉलेजाने नव्या विचारांना धरून मुलांच्या नावापुढे आईचं नाव छापलं होतं, आणि आडनाव छापायला जागा उरली नव्हती. बाईंनी दोन्ही ओळखपत्रं बघितली.

“ह्यात तुमचं दोघांचं काहीच जुळत नाहीये.”

“फायलीत असेल काहीतरी. त्यात सगळंच आहे.”

“मग दाखवा.”

“फाइल तुमच्याकडे आहे.”

“ती मी तुम्हाला कशी देणार? नात्याचा पुरावा नाही.”

ताई पाणीपुरवठा कचेरीत तक्रारी घेते. गेल्या बारा वर्षांत खिडकीच्या आत बसून तिने स्वतः ही असली वाक्यं किती लोकांना ऐकवली असतील, याचा हिशेब त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोरून गेला. ती खिडकीपासून एक पाऊल मागे सरली. ते पाहून असेल किंवा डब्यामुळे असेल, बाईंनी फाइल ओढली आणि स्वतःच पानं उलटायला सुरुवात केली. शिवलेली असल्यामुळे एकेक पान उलटण्यावाचून इलाज नव्हता. गुणपत्रकं झाली. पोहणं झालं. मग बाई थबकल्या, आणि वाचू लागल्या. आधी मनात, मग मोठ्याने.

“‘सदस्य ब. स्त्री, वय चौतीस, पाणीपुरवठा कचेरीत नोकरी. घरातील सर्व निर्णय सदस्य ब घेतात. निर्णय इतरांना विचारून घेतात, मात्र उत्तरासाठी थांबत नाहीत.’” बाईंनी मान वर केली. “मगाशी दाखवलंत ते ओळखपत्र पाणीपुरवठ्याचंच होतं ना?”

ताईचे कान गरम झाले. बिचारं कुटुंब कोणतं ते तिला कळलं होतं.

“‘चिडल्यावर सदस्य ब धुतलेली भांडी पुन्हा धुतात. निरीक्षणकाळात असे चौसष्ट वेळा घडले.’” रांगेत मागे उभी असलेली एक मुलगी खोकली. ते खोकणं नव्हतं. “‘सदस्य अ यांच्याशी फोनवर बोलताना त्यांचा आवाज कार्यालयीन होतो.’ सदस्य अ म्हणजे?”

“वडील.”

“बरं लिहिलंय हो.” बाईंनी पान उलटलं. “आमच्याकडे सकाळचं पाणी येत नाही.”

“अर्ज करा,” ताई कार्यालयीन आवाजात म्हणाली.

असं करत करत, शंभर पानं ओलांडून, बाई शेवटी एका पिवळट कागदापाशी पोचल्या. वारस दाखला. आई गेल्यानंतर ताईनेच चार खेपा घालून तो काढला होता, आणि बाबांनी ‘सगळे दाखले’ म्हणून तोही शिवून टाकला होता. वर आईचं नाव. खाली, मयताचे वारस: पती, मुलगी, मुलगा. तीन नावं एकाखाली एक, पूर्ण, आडनावांसकट. अख्ख्या फायलीत ही दोघं एकमेकांची कोण लागतात हे सांगणारा तो एकच कागद होता, आणि आई होती तोवर त्याची कधी गरज पडली नव्हती.

बाईंनी तो दोनदा वाचला. मग पदवीपत्रावर शिक्का मारला, फाइल मिटली आणि खिडकीतून बाहेर सरकवली.

“इथे सही करा,” त्या म्हणाल्या. “नात्याच्या रकान्यात बहीण लिहा.”

बसमध्ये ताईला खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर बघायचं तिने ठरवलं होतं, पण ती वाचत बसली. आधी रागाने, म्हणजे धाकट्यापुढे एकेक मुद्दा कसा मांडायचा हे ठरवत. ‘सदस्य ब आजारी पडत नाहीत, औषधे मात्र घेतात.’ हे कुणी मोजलं. ‘निरीक्षक हे स्वतः कुटुंबातील सदस्य क असून घरात त्यांचा उपयोग मर्यादित आहे.’ निदान हे तरी खरं. पान बावन्न: ‘मृत सदस्याच्या खुर्चीवर कोणी बसत नाही. सदस्य ब वाळलेले कपडे घडी न करता त्या खुर्चीवर ठेवतात. त्यामुळे खुर्ची रिकामी दिसत नाही.’

ताईने हे वाक्य पुन्हा वाचलं. कपडे आपण खुर्चीवर ठेवतो हे तिला माहीत होतं. आळसाने ठेवतो असं ती समजत होती.

मानव विकास विभागात ती पोचली तेव्हा चार बावीस झाले होते. विभागाला लागून लहान मुलांचा वर्ग होता, आणि बाहेरच्या मोठ्या खुर्च्या कुठल्याशा परीक्षेला नेल्या होत्या. त्यामुळे धाकटा गुडघ्याएवढ्या लाल खुर्चीवर, गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसला होता. तिने फाइल त्याच्या मांडीवर ठेवली.

“चौसष्ट वेळा?” ती म्हणाली.

“पासष्टाव्या वेळी मी झोपलो होतो,” धाकटा म्हणाला. “नुसता आवाज आला. तो धरला नाही.”

आत विभागप्रमुख बाई होत्या. पांढरे केस, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा, टेबलावर लाकडी ठोकळ्यांचा ढीग. त्यांनी फाइल चाळली, शिवण बघून भुवया उंचावल्या, आणि शेवटच्या पानावर येऊन थांबल्या.

“मुलाखत तुझी चांगली झाली. पण संमतिपत्रकं कुठे आहेत? ज्यांचं निरीक्षण केलं त्यांची लेखी संमती लागते. सदस्य अ यांची सही दिसतेय.”

दिसणारच. बाबा कुठल्याही आडव्या रेषेवर सही करतात.

“सदस्य ब यांची नाही,” बाई म्हणाल्या. “संमती नसेल तर मला हा प्रकल्प धरता येत नाही. आणि प्रकल्प नाही म्हणजे यादीत नाव नाही. जागा एकच राहिली आहे, पाचनंतर ती पुढच्या मुलीला जाईल. ह्या सदस्य ब असतात कुठे?”

धाकट्याने ताईकडे बघितलं.

“मीच,” ताई म्हणाली.

विभागप्रमुख बाईंनी चष्मा लावून तिच्याकडे पाहिलं. ज्या माणसाबद्दलची शंभर पानं आपण आत्ताच चाळली आहेत ते माणूस अचानक समोर घामाघूम उभं राहिलं, की कुणीही असंच बघेल.

“मला विचारलं नाहीस,” ताई धाकट्याला म्हणाली.

“विचारलं असतं तर तू नीट वागली असतीस.”

“म्हणजे एरवी मी नीट वागत नाही?”

धाकटा फायलीकडे बघत राहिला. उत्तर तिथे पानापानावर होतं.

“चूक त्याची आहे,” बाई म्हणाल्या. “आधी विचारायला हवं होतं, आणि त्याबद्दल मी त्याला वेगळं बोलणार आहे. तुम्ही नाही म्हणू शकता. मी आग्रह करायचा नाही असा नियम आहे. घड्याळ तेवढं तिथे भिंतीवर आहे.”

चार एकेचाळीस. ताईला वर्ष गेलेलं दिसत होतं, भाचा दिसत होता; पण त्याहून जास्त एक पान दिसत होतं, जे तिने बसमधून उतरता उतरता वाचलं होतं आणि ज्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

“पान एकोणऐंशी,” ती म्हणाली. “‘संपूर्ण निरीक्षणकाळात सदस्य ब रडताना निरीक्षकाला दिसल्या नाहीत.’ हे तुमच्या ग्रंथालयात राहणार. कुणीही येऊन वाचणार, की आई गेली आणि ही बाई भांडी घासत बसली. चौसष्ट वेळा.”

मग विभागप्रमुख बाईंनी ते पान काढलं आणि त्या ओळीखाली बोट ठेवलं.

“तुम्ही रडला नाहीत असं इथे लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “त्याला दिसलं नाही, असं लिहिलंय. दरवर्षी माझ्याकडे चाळीस प्रकल्प येतात. त्यांत लोक सगळं लिहितात, कोण दुःखी होतं, कोण खंबीर होतं, कुणाच्या मनात काय चाललं होतं. आत जाऊन बघून आल्यासारखं. ह्याने बघितलं तेवढंच लिहिलं, आणि जे बघायला मिळालं नाही तिथे जागा मोकळी ठेवली. ही सवय लावायला मला दोन-दोन वर्षं लागतात.”

धाकटा ठोकळ्यांच्या ढिगाकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते, ताईचे मगाशी झाले होते तसेच. कान दोघांचे आईवर गेले होते.

“द्या ते संमतिपत्रक,” ताई म्हणाली.

पत्रकावर तीन रकाने होते. पहिला, संमती आहे अथवा नाही. दुसरा, वगळायचा मजकूर असल्यास. तिसरा, तथ्यांतील दुरुस्ती असल्यास. ताईने पहिल्यात ‘आहे’ लिहिलं. दुसऱ्यावर पेन बराच वेळ थांबलं. तिथे चौसष्टचा आकडा जाऊ शकला असता, कार्यालयीन आवाज जाऊ शकला असता, बावन्न नंबरचं पानही. तिने तिथे आडवी रेघ मारली. तिसऱ्यात तिने तीन ओळी लिहिल्या, सही केली, तारीख घातली आणि कागद पुढे सरकवला.

विभागप्रमुख बाईंनी तो वाचला. टेबलावरची यादी ओढली, पंधराव्या क्रमांकापुढे धाकट्याचं पूर्ण नाव लिहिलं, आणि शिपायाला हाक मारून यादी बाहेर लावायला दिली. चार एकोणपन्नास.

“दुरुस्ती निरीक्षकाने वाचून खाली सही करायची असते,” त्या म्हणाल्या, आणि संमतिपत्रक त्याच्याकडे दिलं. मग त्यांना दुसऱ्या खोलीत काहीतरी काम निघालं.

धाकट्याने वाचलं. ‘पान ७९. दिसल्या नाहीत हे बरोबर आहे. निरीक्षक त्या वेळी कॉलेजात असत. ठिकाण: पाणीपुरवठा कचेरी, जुन्या फायलींची खोली. गुरुवार, दुपारी अडीच ते पावणेतीन.’

त्याने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि सही करायच्या आधी थांबला.

“दर गुरुवारी?” त्याने विचारलं.

“वर्षअखेर सोडून,” ताई म्हणाली. “तेव्हा तिथे गर्दी असते.”